ड्रुइड साधना, बांडगूळ आणि गावची राई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या पंधरवड्यात ड्रुइड साधनेविषयी, म्हणजे झाडे व निसर्ग यांना केंद्रस्थानी मानणाऱ्या ब्रिटनमधील उपासनेविषयी, दोन पत्रे आली. इंग्लंडातल्या कुठल्याशा जुन्या धर्माचे सोंग कोकणातल्या तरुणांनी आणावे हे शोचनीय आहे, असे पहिल्या पत्रात म्हटले होते. आपल्याकडे देवराया असताना ही उसनवारी कशाला, असा दुसऱ्याचा सवाल होता. मी देवगड तालुक्यातील एका किनारी गावात राहणारा निवृत्त पोस्टमास्तर आहे आणि गेली चार वर्षे ही साधना, कोणाची दीक्षा न घेता आणि कसलेही शुल्क न भरता, माझ्यापुरती करीत आहे. वेल्समध्ये परिचारिकेची नोकरी करणाऱ्या माझ्या पुतणीमुळे मला या वाटेची माहिती झाली. त्यासाठी घरचा गणपती, शिमगा किंवा कुळाचार यांपैकी काहीही मला सोडावे लागलेले नाही. दोन्ही पत्रलेखकांच्या शंका रास्त असल्याने त्यांना सविस्तर उत्तर द्यावे, असे वाटले.

पहिल्या पत्रातील एक गोष्ट मान्य करूनच पुढे जायला हवे. प्राचीन ड्रुइड हा गॉल (साधारण आजचा फ्रान्स), ब्रिटन व आयर्लंड येथील केल्टिक समाजातला विद्वान पुरोहितांचा वर्ग होता आणि त्याने स्वतःविषयी एक ओळही लिहून ठेवलेली नाही. त्या काळातले जे काही लेखी मिळते ते रोमन व ग्रीक लेखकांचे, म्हणजे पुष्कळदा जेत्याच्या लेखणीतले. ज्युलियस सीझर सांगतो की त्यांच्यापैकी काहींचे अध्ययन वीस वर्षे चाले आणि पद्ये लिहून न ठेवता मुखोद्गत करण्याचा दंडक होता. वेदपाठशाळा पाहिलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. तोच सीझर त्यांच्या नरबळीविषयीही लिहितो आणि ते सोयीस्करपणे गाळू नये. इ. स. ६०च्या सुमारास रोमन सैन्याने मोना, म्हणजे वेल्सलगतचे आजचे अँगलसी बेट, जिंकले तेव्हा तिथल्या पवित्र राया तोडल्या गेल्या, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवले आहे. पुढे ती परंपरा खंडितच झाली. आज जिला ड्रुइड साधना म्हणतात ती अठराव्या शतकापासून नव्याने जुळवलेली आहे. १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर कवींचा मेळा भरवणाऱ्या योलो मॉर्गनुग या वेल्श कवीने तर आपली काही ‘प्राचीन’ हस्तलिखिते स्वतःच रचली होती. रॉस निकोल्स यांनी स्थापन केलेली आणि या क्षेत्रात सर्वांत परिचित असलेली संस्था १९६४ची, म्हणजे माझ्याहून लहान आहे. इंग्लंडातल्या स्टोनहेंजचे शिळावर्तुळही ड्रुइडांनी बांधलेले नाही. त्यांचा पहिला उल्लेख सापडतो त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधीचे ते आहे. तेव्हा प्राचीनत्वाच्या मोहाने कोणी या वाटेला जात असेल, तर त्याने जाऊ नये, हेच बरे.

मी गेलो तो दुसऱ्या एका कारणाने. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने त्या समाजातल्या तीन प्रकारच्या मान्यवरांचा उल्लेख केला आहे: गाणारे बार्ड, निसर्गाचा अभ्यास करणारे व शकुन सांगणारे ओव्हेट, आणि निसर्गाबरोबरच नीतीचाही विचार करणारे ड्रुइड. आधुनिक साधकांनी यातला मधला धागा उचलला. घराबाहेर नियमितपणे काही वेळ निश्चल बसणे, आपल्या परिसरातली झाडे, पाखरे, खडक, पाणी यांचा पुस्तकातून व डोळ्यांनी अभ्यास करणे, राहणीतली उधळपट्टी कमी करणे आणि झाडे लावणे एवढाच बहुतेकांचा पहिल्या वर्षाचा पाठ असतो. ‘ड्रुइड’ या शब्दाची बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना मान्य असलेली व्युत्पत्तीही त्याला जुळणारी आहे. त्यातला ‘द्रु’ आपल्या द्रुम व दारु या शब्दांचा भाऊबंद आणि ‘विद्’ तर आपला विद्येतलाच. म्हणजे झाड जाणणारा. (यावरून ड्रुइड हे इथूनच गेलेले ब्राह्मण होते, अशी कंडी कृपया कोणी पिकवू नये. भाषांचे नाते दूरचे असले तरी ते नातेच असते, एवढाच त्याचा अर्थ.)

पुतणीने फोनवर सांगितलेली पहिली सूचना होती, “काकानू, एक झाड धरा आणि तेच धरून ऱ्हवा.” तिकडे ओकला मान आहे, इथे ओक नाही आणि कुंडीत आणून लावणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. आमच्या राईच्या कडेला एक जुना बेहडा आहे, ज्याला आमच्याकडे घोटिंग म्हणतात. नळाच्या कथेत कली याच झाडात जाऊन लपला, म्हणून त्याखाली सहसा कोणी बसत नाही, आणि मला निवांतपणा हवा होता. रोज पहाटे वीस मिनिटे तिथे बसायचे, त्यातली पहिली पाच काहीही न ठरवता, आणि मग उठताना वहीत तारीख, तिथी, वारा व जे दिसले ते लिहायचे, हा क्रम ठरला. पहिल्या महिन्यातल्या नोंदी वाचवत नाहीत. ‘प्रसन्न वाटले’, ‘शांत वाटले’ असे मी पानोपानी माझ्याविषयीच लिहिले आहे. झाडाविषयी एक अक्षर नाही. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी घोटिंगाखालचा सडा पाहून हा फुलोरा की कोवळी फळे, हे मला सांगता येईना, तेव्हा अभ्यासाला खरी सुरुवात झाली. ऐन, किंजळ, हिरडा आणि बेहडा ही चारही झाडे टर्मिनॅलिया या एकाच वंशातली आहेत, हे मला साठाव्या वर्षी कळले. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी चिरफळलेली आणि फळाला पाच पंख. किंजळीच्या फळाला एक मोठा पंख, त्यामुळे फळे धरली की सगळे झाड दुरून तांबूस दिसते. बेहड्याचे फळ मात्र बिनपंखी, मखमली. ज्या झाडांखालून चाळीस वर्षे टपाल वाहिले, त्यांना मी ‘रानातली झाडे’ या एका नावाने ओळखत होतो. साधना म्हणून मला जर काही लाभले असेल, तर ते ही लाज वाटणे होय.

या वाटेवरच्या नवख्याला मिसलटोचे वर्णन हमखास भेटते. थोरला प्लिनी हा रोमन लेखक लिहितो की ओकवर क्वचित उगवणारी ही वनस्पती चंद्राच्या सहाव्या दिवशी, पांढरी वस्त्रे ल्यालेला ड्रुइड झाडावर चढून सोन्याच्या विळ्याने कापीत असे व खाली ती पांढऱ्या कापडात झेलली जाई. आता हे मिसलटो म्हणजे कोण? आपल्या बांडगुळाचेच दूरचे सोयरे. ज्याच्या नावाने आपण ऐतखाऊ माणसाला शिव्या देतो आणि जे हापूसच्या फांद्या वाळवते, तेच. माझी हसून मुरकुंडी वळली, हे कबूल करतो. मग माघात कलमांवरचे एक बांडगूळ मी आठ-दहा सकाळी नुसते पाहत बसलो. त्याच्या नारिंगी, नळीसारख्या कळ्या आपोआप उमलत नाहीत. अंगठ्याएवढा फुलटोच्या पक्षी येऊन कळीला चोच लावून दाबतो तेव्हा ती फट्‌दिशी उघडते आणि पराग त्याच्या तोंडावर उडतो. पुढे फळे पिकली की तोच ती गिळतो. बी इतके चिकट असते की ते टाकताना त्याला बूड फांदीवर घासावे लागते, आणि तिथेच नवे बांडगूळ रुजते. एवढे पाहून झाल्यावर काम करणाऱ्या गड्याने विचारले, “मास्तरांनू, ह्यां तोडूचां काय ठेवूचां?” कलमांवरची सारी तोडायला सांगितली, सोन्याच्या विळ्याने नव्हे, कोयत्याने, आणि बांडगूळ चिकटले आहे त्याच्या खालून फांदीसकट, नाहीतर ते पुन्हा फुटते. परसातल्या म्हाताऱ्या रायवळ (बिनकलमी) आंब्यावर मात्र एक राखले आहे. निसर्गपूजा म्हणजे सगळ्याला हात जोडणे, अशी समजूत असणाऱ्यांनी आंब्याची बाग करून पाहावी.

सणांच्या बाबतीत मी तिकडचे वेळापत्रक बहुतांशी बाजूला ठेवले आहे. आधुनिक ड्रुइड वर्षात आठ सण पाळतात: दोन अयनदिन (सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस), दोन विषुवदिन (दिवस-रात्र समान असतात ते) आणि त्यांच्या मधले चार. वेल्समध्ये जूनचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सतरा तासांचा आणि डिसेंबरचा सर्वांत लहान जेमतेम साडेसात-पावणेआठ तासांचा असतो, म्हणून तिथे सूर्य परतल्याचा उत्सव माणसाच्या हाडांतून येतो. आपल्याकडे या दोन दिवसांत फरक दोन-सव्वादोन तासांचाच. २१ जूनला इथे सूर्य दिसला तरी मिळवली. त्या सुमारास आर्द्रा लागते आणि सगळे लक्ष लावणीकडे असते. उलट मे महिन्याच्या पूर्वार्धात आणि पुन्हा ऑगस्टच्या पूर्वार्धात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते, हा दिवस वेल्सच्या माणसाला जन्मात दिसायचा नाही. तो मी पाळतो, निदान मेमधला. ऑगस्टमधला ढगांत जातो. मृगाच्या पहिल्या सरींनंतर सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या माळावर, दीपकाडीची पांढरी फुले येतात, तो माझा दुसरा सण. नारळी पौर्णिमा आहेच, नवान्न आहे. तिथीही मी पंचांगाइतकीच पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) वाचायला शिकलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, हा मच्छीमारांचा जुना ठोकताळा आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, पण उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतला फरक पायांना कळू लागतो.

राहिला दुसऱ्या पत्रलेखकांचा प्रश्न, आणि तो अधिक जड आहे. देवराया आपल्याकडे आहेत, हे खरे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे मोल जगासमोर मांडले. पण या राया आपण राखल्या त्या प्रामुख्याने भयाने. राईतली वाळकी काटकीही उचलायची नाही, उचलली तर देव कोपेल, हा धाक पिढ्यान्‌पिढ्या पुरला. तो धाक आता विरला आहे आणि त्याच्या जागी दुसरे काही आलेले नाही. आमच्या शेजारच्या एका गावात देवळाच्या जीर्णोद्धारासाठी स्लॅबचे काम निघाले, रीतसर कौल घेतला गेला, देवाने उजवा, म्हणजे होकार, दिला आणि सातविणीसह पाच-सहा जुनी झाडे आठवड्यात आडवी झाली. तोडलेल्यांपैकी एक काजरा होता, हे ओंडके मोजताना मला कळले. लाकूडतोड्याला कळत होते, मानकऱ्यांपैकी एकालाही नाही. त्या ओंडक्यांकडे पाहताना मला अँगलसी आठवले, फक्त इथे बाहेरून कोणी सैन्य आले नव्हते. ज्यांच्या मुखी देवाचे गाऱ्हाणे तोंडपाठ आहे, त्यांना त्या देवाच्या रानातली दहा झाडे नावानिशी ठाऊक नसावीत, ही आपली आजची स्थिती आहे. उसने घेतले ते मी एवढ्यासाठी घेतले. ओळख करून घेणे हेच उपासनेचे पहिले अंग मानणारी शिस्त मला आमच्या घरात मिळाली नाही. ती एका परक्या आणि काहीशा बनावट इतिहासाच्या वाटेने मिळाली, याचे वैषम्य मला वाटत नाही.

नव्याने सुरुवात करू इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. झगे, शिंगे, ताईत यांवर पैसे घालवू नका. चाळीस पानांची वही आणा. आपल्या राईत आत शिरण्याआधी गुरवाला विचारा आणि पायताण बाहेर काढा, कारण तिथले नियम तुमच्या साधनेहून जुने आहेत. पावसाळ्यात चिव्याच्या (बांबूच्या) बेटात बसू नका. फुरशांचा, म्हणजे विषारी सापांचा, उपद्रव आहे आणि मी एकदा थोडक्यात वाचलो आहे. झाडाचे नाव गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, मग पुस्तकात पाहा. माझ्या वहीतल्या पहिल्या एकेचाळीस झाडांपैकी तीसेक नावे मला तीन आज्यांकडून मिळाली, आणि त्यातल्या एक आता नाहीत.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या दैनिकात रोज सूर्योदय, तिथी, नक्षत्र आणि सोन्याचा भाव छापला जातो. त्याच चौकटीत किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि आठवड्यातून एकदा, जिल्ह्यात सध्या कोणते झाड फुलोऱ्यावर आहे याची एक ओळ द्यावी. माहिती पाठवायला वाचक पुष्कळ मिळतील; पहिली ओळ मी सोबत जोडली आहे.

आपला,
एक निवृत्त पोस्टमास्तर,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग