खुले पत्र: दोनशे रुपयांची बंदूक

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. नवरात्रात आपण इंदूरच्या राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीत आला होतात. मी फटाक्यांचं गाऱ्हाणं घातलं, तर हात जोडून म्हणालात, "माताजी, चिंता मत करो." नाही केली. तिथेच चुकलं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री माझ्या दहा वर्षांच्या नातवाने हातगाडीवरून दोनशेला कार्बाइड गन आणली. प्लास्टिकचा पाइप, आत कार्बाइडचे खडे, त्यावर पाणी, मागे लायटर. बार निघेना म्हणून पोराने पाइपात डोकावलं, आणि तेवढ्यात तो निघाला. डॉक्टर म्हणाले, पाणी पडलं की गॅस होतो आणि मागे चुना उरतो; तो बुबुळ भाजतो. आम्ही घाबरून ओला रुमाल दाबत बसलो. डोळा चोळू न देता नळाखाली धरून चांगला धुवायचा असतो, हे दवाखान्यात कळलं. चौकाचौकात आपले एवढे फलक लागतात, आपल्या फोटोखाली ही एक ओळ मावली नसती?

तीन आठवडे झाले, दर दोन तासांनी थेंब घालते आहे. रात्रीसुद्धा. गुडघे धरलेत, बीपी चढलंय, सून बोलत नाही कारण पैसे मी दिले होते. चिवड्याचा डबा अजून उघडलेला नाही. डोळा किती वाचला ते महिन्याभराने सांगणार.

या बंदुकीवर 18 ऑक्टोबर 2025 लाच बंदी आली होती म्हणे! दोन दिवसांनी गाडी भर रस्त्यात उभी. भोपाळ, ग्वाल्हेर मिळून शंभरावर पोरं दवाखान्यात गेली, कोणी तीनशेही सांगतं. आपल्याकडे खरा आकडा असेलच. कार्बाइडने आंबे पिकवायला कायद्याने मनाई आहे. आंब्याची केवढी काळजी!

सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिवाळीला रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवली, लडींना मनाई केली. आमच्याकडे दीड वाजेपर्यंत लडी. दवाखान्याभोवती शंभर मीटर शांतता हवी. नातवाला नेलं तेव्हा फाटकासमोरच सुतळी बॉम्ब वाजत होते. पाडव्याला इंदूरजवळच्या गौतमपुऱ्यात तुर्रा आणि कलंगी हे दोन गट एकमेकांवर पेटते हिंगोट, म्हणजे दारू भरलेली वाळकी फळं, फेकतात, तिथे पोलीस, अँब्युलन्स, बंब, सगळं हजर. जखमी व्हायचं तर परंपरेने व्हावं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आणि आमचं इंदूर स्वच्छतेत पहिलं, आठव्यांदा की कितव्यांदा, मी मोजणं सोडलं. सकाळी सहाला गल्ली लख्ख. पाइपाचा तुकडाही उरला नाही. तक्रार नोंदवायला गेले तर पुरावा मागितला. 2024 मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात हरद्याचा फटाका कारखाना उडाला, माणसं गेली, चौकशी बसली. चौकशा बसतातच, उठताना मी पाहिलेल्या नाहीत.

मागणं एवढंच, कार्बाइडची किरकोळ विक्री बंद करा आणि गाड्या दिवाळीआधी तपासा. उत्तर पाठवलंत तर अक्षर मोठं ठेवा. माझा मोतीबिंदू पिकलाय, आणि मला वाचून दाखवणारा सध्या पट्टी बांधून बसलाय.

आपली,
राजवाड्याजवळची माताजी