रंगाआधी कागद बघायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

मोटार वाहन निरीक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावरही तुम्ही आमच्या जुन्या गाड्यांचे कागद ओळ न् ओळ वाचून देता आणि त्याचा एक पैसा घेत नाही. फोक्सवॅगनच्या जुन्या कॅम्पर, म्हणजे आत पलंग-कपाट असलेल्या मुक्कामाच्या व्हॅन, मुंबईत मोजक्याच. आमच्यात कोणी मालक, कोणी मिस्त्री, कोणी वडिलांच्या पश्चात गाडी नावावर करून घेणारा. सगळ्यांच्या वतीनं हे पत्र उघडपणे लिहितोय, म्हणजे तुमचं सांगणं ज्यांना पुढे लागणार आहे त्यांच्याही हाती पडेल.

पहिले आभार तुमच्या नेहमीच्या पहिल्या प्रश्नाबद्दल: गाडी फिरवायची आहे की जपायची? जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची तरतूद आली, तेव्हापासून अनेकांना वाटतं की पन्नाशी उलटली की व्हिंटेज नोंदणी घ्यावीच. त्या नोंदणीवर गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, व्हिंटेज रॅलीसाठी, तिथल्या जाण्यायेण्यासाठी, इंधन भरायला आणि देखभालीला. रोजचा वापर नाही, धंदा नाही. साध्या मोटारीच्या मालकाला हे चालून जातं. कॅम्परचा जन्मच मुळी मुक्कामासाठी. घरच्यांना घेऊन हर्णै किंवा तारकर्लीला चार दिवस जायचं, तर व्हिंटेज नोंदणी त्या कामाची नाही. तिथे नेहमीची नोंदणीच चालू ठेवावी लागते.

ती चालू ठेवायची किंमतही तुम्ही समोर मांडलीत. नूतनीकरण नमुना २५ वर होतं आणि पाच वर्षं टिकतं. ऑगस्ट २०२५ च्या सुधारित दरांनुसार वीस वर्षांवरच्या हलक्या गाडीला १०,००० रुपये आणि नोंदीत आयात लिहिलेल्या चारचाकीला ८०,००० रुपये. त्यावर आपल्या राज्याचा पर्यावरण कर. व्हिंटेजला नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि पुढच्या फेरनोंदणीला ५,००० रुपये. आकडे शेजारी ठेवले की व्हिंटेज स्वस्त दिसतं, आणि नेमक्या याच ठिकाणी माणूस वापराचं बंधन विसरतो. हॉर्निमन सर्कलच्या रॅलीला वर्षातून एकदा निघणारी गाडी असेल तर व्हिंटेज घ्यावं. वर्षातून चार सहली करायच्या असतील तर घेऊ नये. आमचंही मत आता हेच आहे.

पन्नास वर्षं कुठून मोजायची, हाही मुद्दा तुमच्याचमुळे सुटला. नियमात मोजणी पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून आहे. गाडी जर्मनीत १९७३ ला रस्त्यावर आली आणि मुंबईत १९८१ मध्ये नोंदली गेली, तर नुसतं मुंबईचं आरसी पुस्तक दाखवणारा मालक स्वतःच आठ वर्षं गमावतो. अशा वेळी जर्मन मालकीपत्र, ज्याला तिकडे फारत्सॉइगब्रीफ म्हणतात, ते कपाटातून शोधून काढायचं, कारण पहिल्या नोंदणीची तारीख त्यावर असते. ते हरवलं असेल तर जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन संग्रहालयाकडून चासी नंबरवरून उत्पादनाचा दाखला मागवता येतो. त्यावर गाडी कारखान्यातून कधी निघाली, मूळ रंग कोणता, इंजिन कोणतं, हे कळतं. मात्र हा दाखला उत्पादनाचा आहे, नोंदणीचा नाही. तो पूरक म्हणूनच जोडायचा.

कस्टमचा भाग तुम्ही कधीच वरवर सोडून दिला नाहीत. सत्तरच्या दशकात युरोपातून जमिनीच्या मार्गानं आलेल्या कॅम्पर कार्नेवर देशात येत. कार्ने म्हणजे गाडी परत नेण्याची हमी. परत न नेता इथेच विकली तर कर बाकी राहतो. वकिलातींच्या गाड्या पुढे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, आणि तसं विक्रीपत्र हाती असेल तर तो कर भरल्याचा चांगला पुरावा ठरतो. आयात गाडीची नव्यानं नोंदणी करताना बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टमकडचं आयातीचं कागदपत्र, लागतंच. यातलं काहीच नसलेली गाडी कितीही देखणी असो, सौदा थांबवायचा, हे तुम्ही दरवेळी ठामपणे सांगता. त्या ठामपणामुळे काहींचे पैसे वाचले.

पुस्तकातला वर्ग आणि आसनं हे दोन रकाने आधी बघायला तुम्हीच शिकवलंत. व्हिंटेजचा नियम खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे. चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसांची गाडी कायद्यात ऑम्निबस ठरते, आणि जुन्या नोंदीत कॅम्परवर हा शिक्का बऱ्याचदा सापडतो. कधी ती मालवाहू व्हॅन म्हणूनही चढलेली असते. केंद्राच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन परिवहनेतर, म्हणजे धंद्यासाठी नसलेल्या, गाड्यांच्या यादीत आहे. तेव्हा वर्ग दुरुस्त करून घेण्याचा अर्ज वेगळा, आणि तो आधी. व्हिंटेजच्या अर्जात हे दुखणं गुंडाळून पाठवलं की अर्ज तिथेच अडतो.

आता लोखंडाकडे येतो, कारण इथे तुमचा हात धरूनच आम्ही शिकलो. टी-टू, म्हणजे फोक्सवॅगनच्या दुसऱ्या पिढीच्या, कॅम्परचा चासी नंबर इंजिनाच्या कप्प्यात उजव्या बाजूला ठोकलेला असतो. समुद्राच्या हवेत तिथे गंजाचा पापुद्रा धरतो. ग्राइंडर किंवा पोलादी ब्रश लावला की अंकांच्या कडा जातात आणि मग खरा नंबरही खाडाखोड केल्यासारखा दिसतो. केरोसीनमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवायचं, सकाळी पितळी ब्रश हलक्या हातानं फिरवायचा, खडूची पूड चोळायची आणि टॉर्चचा उजेड आडवा पाडून वाचायचं. नमुना २० वर पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून उमटवलेला ठसा, लागते. पातळ कागद आणि मऊ पेन्सिल घेऊन तीनचार प्रिंट काढून ठेवायच्या. अंक अर्धवट गेले असतील तर स्वतः पंच करायचा नाही. आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय ठोकलेला प्रत्येक अंक संशयाचा.

नंबर वाचायचा कसा हे कळल्यावर निम्मे वाद मिटले. १९७० च्या मॉडेलपासून नंबर दहा अंकी. पहिले दोन अंक बॉडीचा प्रकार सांगतात. २३ म्हणजे कॉम्बी, ही खिडक्यांची व्हॅन, आणि वेस्टफालिया या जर्मन कंपनीच्या बहुतेक कॅम्पर कॉम्बीवरच बांधलेल्या. तिसरा अंक मॉडेल वर्षाचा, चौथा कायम २, पुढचे सहा अनुक्रमाचे. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टला सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर १९७३ ला बनलेल्या गाडीवर तिसरा अंक ४ असतो आणि पुस्तकात उत्पादन वर्ष १९७३. दोन्ही बरोबर. आजच्या गाड्यांच्या सतरा खुणांच्या नंबराची सवय झालेल्या नजरेला मात्र यात विसंगती दिसते, म्हणून अर्जासोबत अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण जोडायची तुमची पद्धत आम्ही सगळ्यांनी उचलली. १९६८ आणि १९६९ ची मॉडेलं नऊ अंकी आहेत, त्यात अंक गळलेला नसतो, हेही त्याच अर्ध्या पानात लिहायचं.

पुढच्या सीटमागच्या पत्र्यावरची लहानशी एम-प्लेट तर आमच्यापैकी बरेच जण रंगाखाली गाडत होते. तिच्यावर निर्मितीची तारीख, रंग आणि कारखान्यातून बसवून दिलेल्या गोष्टींचे सांकेतिक आकडे असतात. कॅम्पर मुळातली की नंतर केलेली, हे ठरवताना ती प्लेट आणि वेस्टफालियाची स्वतःची प्लेट हे सर्वांत भक्कम साक्षीदार. नियमाच्या दृष्टीनं चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत बदल केलेली गाडी व्हिंटेज ठरत नाही. उघडणारं छप्पर कारखान्याचं असेल तर प्रश्न नाही. कुर्ल्यात कोणीतरी पत्रा कापून बसवलेलं असेल तर तो बॉडी शेलमधला बदल. इंजिनाचा नंबर डायनॅमोच्या बैठकीखाली क्रॅंककेसवर असतो. १६०० सीसीचं मूळ इंजिन फुटल्यावर बीटल मोटारीचं बसवलेलं असेल आणि पुस्तकात नोंद नसेल, तर तपासणीत ते पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. पलंग, कपाट, सिंक हे बोल्टवर बसणारं सामान. त्याची डागडुजी चालते, पण जुनं सामान फेकून प्लायवुडचं नवं घर आत उभं करू नये. अस्सलपणाचा अंदाज बघणारा माणूस आतल्या लाकडावरूनच बांधतो.

तुमची सर्वांत मोलाची शिस्त इथेच कामी आली: पाना लावण्याआधी फोटो. तळाचा पत्रा, जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी, दाराखालच्या कडा, सगळं गंजलेल्या अवस्थेत टिपायचं आणि मग त्याच आकाराचा पत्रा त्याच जागी जोडायचा. आधीचे फोटो असले की डागडुजी कुठे संपते आणि बदल कुठे सुरू होतो हे दाखवता येतं. गाडी आधी रंगवून मग कागदांना हात घालणाऱ्याकडे दाखवायला काहीच उरत नाही, कारण नव्या रंगाखाली जुना जोड आणि नवा जोड सारखाच दिसतो.

तपासणीआधीची यांत्रिक कामं मिस्त्री मंडळींना ठाऊक आहेत, तरी तीन गोष्टी तुमच्या नावानं लिहितो. बहुतेक जर्मन कॅम्पर डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे अशी गाडी चालवता येते, पण दिशा दाखवणारं यांत्रिक किंवा विजेवरचं साधन चालू हवं. चारही इंडिकेटर आणि फ्लॅशर नीट बघून घ्यायचे. हेडलाइटची काच उजव्या बाजूनं गाड्या चालणाऱ्या रस्त्यांसाठी घडवलेली असते, तिचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डावीकडे झोत टाकणाऱ्या काचा मिळतात आणि त्या बदलल्यानं मूळपणाला धक्का लागत नाही. तिसरी गोष्ट पेट्रोलच्या नळ्यांची. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. जुन्या कापडी वेष्टणाच्या रबरी नळ्या त्यानं फुगतात, तडकतात, आणि टी-टूमध्ये इंजिनाच्या तापलेल्या भागावरच गळती होते. या गाड्या पेट घेतात त्याचं हे फार मोठं कारण. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, प्रत्येक टोकाला क्लिप, फिल्टर इंजिनाच्या वर लटकवायचा नाही. स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर तपासणीला नेताना घरीच ठेवायचं.

पीयूसीसाठी थंड इंजिनावर वॉल्व्हची फट ०.१५ मिमी, इग्निशनच्या पॉइंटची ०.४ मिमी. एवढं जमलं आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी हवा ओढली जात नसली, तर जुन्या पेट्रोल गाडीच्या ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडच्या मर्यादेत ती बसते.

अर्जाचं काम त्यामानानं सरळ आहे. परिवहन पोर्टलवर नमुना २०, चालू विमा, शुल्क, जुनं आरसी किंवा आयात असेल तर बिल ऑफ एन्ट्री. नियमानुसार साठ दिवसांत नमुना २३-ए मध्ये नोंदणीपत्र मिळायला हवं. पुस्तक हरवलं असेल तर आधी पोलिसांत तक्रार आणि नमुना २६. आरटीओच्या नोंदवहीचा, म्हणजे नमुना २४ चा, उतारा काढून ठेवला की दुय्यम प्रत मिळवणं सोपं जातं. मालक वारले असतील तर नमुना ३१, विकत घेतली असेल तर २९ आणि ३०. व्हिंटेज झालेली गाडी पुढे विकली तर घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं नव्वद दिवसांत कळवायचं.

आणि नंबर. ताडदेवच्या जुन्या पुस्तकांतले बीएम आणि एमआरनं सुरू होणारे नंबर जुन्या मुंबईकरांना आजही तोंडपाठ असतात. आधीपासून भारतात नोंदलेल्या गाडीला तो मूळ नंबर ठेवता येतो. राज्याच्या खुणेनंतर व्हीए येणारा नवा नंबर नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाडीला. अर्जात हा फरक ठळक लिहायला तुम्ही लावलंत, म्हणून आमच्यातल्या काही गाड्यांवर घरच्यांना पाठ असलेला नंबर टिकला. या एका गोष्टीसाठी आभार मानायला शब्द अपुरे आहेत, काका. नोंदणीपत्र हातात येण्याआधी पाटी बनवायला टाकायची नाही हेही तुमचंच सांगणं. पुढच्या बंपरला ५०० बाय १२० मिमीची पाटी आणि मागे इंजिनाच्या झाकणावरच्या दिव्याखाली ३४० बाय २०० ची, असं माप धरलं की बंपरला नवी भोकं पाडावी लागत नाहीत.

तुम्ही तपासून दिलेल्या अर्जांच्या प्रती आणि ते अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण आम्ही एका फाइलमध्ये लावलं आहे. नवा कोणी आला की आधी ती फाइल त्याच्या हाती देतो, गाडी नंतर बघतो. शुल्क किंवा नमुने बदलले की त्यात सुधारणा करत राहू. काही राहिलं असेल तर नेहमीसारखी लाल पेननं खूण करा.

आपले कृतज्ञ,
मुंबईतले जुन्या कॅम्परचे मालक आणि मिस्त्री