सुट्या पानांना टाके घालू नका

संपादक महोदय,
चित्रकारांची मर्यादित प्रतींची पुस्तके घेताना आधी मुद्रण-नोंदीचे पान पाहावे. ते बहुधा शेवटी असते. प्रत क्रमांक, एकूण प्रती, कागद, सही, सारे तिथे सापडते. फ्रेंच चित्रकार मातिसच्या 'जॅझ' या पुस्तकाच्या (१९४७) क्रमांकित प्रती २५०, पाने मुद्दाम सुटी. अशी पाने बायंडरने शिवली की किंमत गेलीच! एकही पान गहाळ नको, मोजूनच घ्या.

गोव्यात खरा वैरी पावसाळा. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की पानांवर तपकिरी ठिपके, मग बुरशी. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, ती टाळाच. आम्लविरहित पुठ्ठ्याची पेटी, कपाटात हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे उपकरण), आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर. आत ओल शोषणारे सिलिका जेल ठेवा; त्याचा रंग पालटला की ते लगेच बदला.

– एक संग्राहक, म्हापसा