आमेनसाठी थांबलेल्या आजींना

प्रिय आजी,

ग्र्यूस गोट! आणि आमच्या पद्धतीने, जय ख्रिस्त!

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे ठाऊक आहे. जर्मनमध्ये लिहायला बसलं की तिसऱ्या ओळीला आभार संपतात आणि व्याकरणाशी झटापट सुरू होते. म्हणून मजकुराचा अर्थ रविवारी कॉफीच्या टेबलावर तोंडी सांगू. पत्र मराठीत आणि उघड लिहिण्यामागे एक स्वार्थही आहे. नगर, संगमनेर, पुणे इथून फ्रीडरिक्सहाफेनला येणाऱ्या पुढच्या कुटुंबाला कळावं की इथल्या चर्चच्या मंडळीत शिरायचं कसं, आणि तुमच्यासारखं माणूस भेटलं तर ते ओळखायचं कसं.

मराठी वाचकांसाठी जरा सांगतो. जर्मनीतल्या बोडनझे तलावाच्या काठावरचं हे साधारण साठ हजार वस्तीचं शहर. समोर पाण्यापलीकडे स्वित्झर्लंड, रोमान्सहॉर्नची फेरीबोट पाऊण तासाच्या आत पोचवते. 2 जुलै 1900 रोजी पहिलं झेपेलिन याच पाण्यावरून उडालं. त्या हवाई जहाजांचे गिअर बनवायला 1915 मध्ये निघालेली कंपनी आज गाड्यांचे गिअरबॉक्स बनवते, पुण्यातही तिचं मोठं काम आहे, आणि म्हणून पुण्याचे इंजिनियर इथे दोन-तीन वर्षांसाठी येऊन राहतात. येताना माणूस कुकर आणतो, गोडा मसाला आणतो. मंडळी बॅगेत भरता येत नाही.

आणि ती शोधायला निघालं की काय काय ऐकावं लागतं! ऑफिसातला एक जाणकार देशबांधव सांगतो, नगरपालिकेत नाव नोंदवताना धर्माचा रकाना कोराच ठेवा, नाहीतर पगारातले आठ टक्के चर्च घेऊन जाईल. तासाभरावरच्या मोठ्या शहरातली एक इंग्रजी फेलोशिप फोनवर आधी विचारते, बाप्तिस्मा पाण्यात बुडवून झाला की डोक्यावर पाणी घालून. उत्तर ऐकलं की पुढचा फोन येत नाही. मायदेशातल्या मंडळीचे कारभारी सदस्यत्वाचं पत्र द्यायला इतके महिने लावतात की तोवर इथला व्हिसा नूतनीकरणाला येतो. ‘युरोपातली चर्चं आता ओस पडलीत’ हे वाक्य तर प्रत्येकाकडे तयार असतं. त्यातल्या एकानेही रविवारी सकाळी साडेनऊला इथल्या चर्चचं दार ढकलून पाहिलेलं नसतं.

तुम्ही पाच मिनिटांत जे सांगितलंत ते यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आठ टक्के खरे, पण पगाराचे नव्हेत, आयकराचे. महिन्याला 700 युरो कर कापला जात असेल तर चर्च-कर 56 युरो. आपल्या या बाडेन-व्युर्टेमबेर्ग प्रांतात आणि बायर्नमध्ये आठ टक्के, बाकी जर्मनीत नऊ. रकान्यात ‘ए’ आणि ‘फाउ’ (EV) ही दोन अक्षरं, म्हणजे इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट), लिहिली की ती नोंद आपोआप करखात्याकडे जाते आणि पगारातून कपात सुरू होते. उपासनेला येऊन बसायला, प्रभुभोजन घ्यायला कराची पावती कुणी मागत नाही. लेकराचा बाप्तिस्मा करायचा असेल किंवा कुणाच्या बाळाचे धर्ममातापिता व्हायचं असेल तेव्हा मात्र सदस्यत्वाची नोंद लागते, आणि त्या वेळी भारतातला बाप्तिस्म्याचा मूळ दाखला व त्याचं भाषांतर जवळ असलेलं बरं. वसईच्या कॅथलिक मित्रांना उपासनेत रुळायची धडपड कमी करावी लागते. शहराच्या मध्यातच सांक्ट निकोलाउस आहे, मिस्साचा क्रम जगभर सारखा, भाषा कळली नाही तरी आपण कुठे आहोत ते कळतं.

आमचं तसं नाही. त्यातून व्युर्टेमबेर्गची उपासना जर्मनीतल्या इतर लुथरन मंडळींपेक्षाही साधी. पाळकाने गाऊन म्हणायचं आणि लोकांनी गाऊन उत्तर द्यायचं असा प्रकार जवळजवळ नाहीच. गीतं, स्तोत्र, प्रार्थना, संदेश. साधं आहे म्हणून सोपं असेल असं वाटतं, आणि तिथेच नवा माणूस फसतो, कारण साध्या गोष्टी कुणी समजावून सांगत नाही. भिंतीवरच्या फळीवरचा मोठा आकडा गीताचा, त्याच्या शेजारचे बारीक आकडे कडव्यांचे. 1 ते 535 क्रमांक साऱ्या जर्मनीला समान, पुढचे प्रांताचे. आकड्याआधी ‘एन एल’ असेल तर ते गीत जाड पुस्तकात शोधायचं नाही, ते नव्या गीतांच्या वेगळ्या पुस्तकात आहे; हे माहीत नसलेला माणूस पहिलं कडवं संपेपर्यंत भलतंच पान चाळत बसतो. ऑर्गन आधी चालीची ओळख वाजवतो, मग क्षणभर श्वास घेतो, आणि सगळे एकदम सुरू होतात. कुणी हात हलवत नाही की खूण करत नाही. घाई केली तर शांत चर्चमध्ये आपला एकट्याचा आवाज घुमतो. स्तोत्र जाड पुस्तकाच्या मागच्या भागात, सातशेच्या पुढे. आत सरकवून छापलेल्या ओळी आपल्या, बाकीच्या पाळकाच्या. दानाची पिशवी रांगेतून फिरत नाही. आपल्याकडची सवय असलेला माणूस नोट मुठीत धरून शेवटपर्यंत वाट बघतो आणि तशीच घरी नेतो. पेटी बाहेर पडायच्या दाराशी असते.

प्रभुभोजनात तर हमखास चूक होते. आपल्याकडे कठड्याशी गुडघे टेकायचे, घ्यायचं आणि उठून जागेवर यायचं. इथे वेदीभोवती अर्धवर्तुळात उभं राहतात, भाकर फिरते, प्याला फिरतो, पण कुणी हलत नाही. पाळक शास्त्रातलं एक वचन म्हणून सगळ्यांना एकत्र निरोप देतात, तेव्हाच ते वर्तुळ सुटतं. मध्येच परत फिरलेल्या माणसाकडे कुणी रागाने बघत नाही, पण त्याला स्वतःला जागेवर बसल्यावर कळतं आणि घाम फुटतो. तुम्ही आधीच्याच रविवारी रिकाम्या चर्चमध्ये ते अर्धवर्तुळ पावलांनी आखून दाखवलंत. तुमच्या गुडघ्याचं दुखणं पाहता ते चार फेरे काही कमी नव्हते.

आणि हिवाळा! दगडी चर्च तापवणं परवडत नाही म्हणून इकडच्या कित्येक मंडळ्या थंडीत उपासना शेजारच्या मंडळीगृहात हलवतात. जानेवारीत कुलूप दिसलं म्हणजे चर्च बंद पडलं असं नव्हे. बाहेरच्या काचेच्या सूचनापेटीत कागद असतो, आणि घरोघरी टाकल्या जाणाऱ्या मंडळीच्या पत्रकात सगळ्या वेळा छापलेल्या असतात. इंटरनेटवरच्या वेळा जुन्या असू शकतात, पत्रकावर विश्वास ठेवावा, हेही तुमचंच सांगणं. ‘चर्चं ओस पडलीत’ म्हणणारे बहुधा अशाच कुलपाकडे बघून परतले असावेत.

आता मुख्य गोष्ट. वरचं सगळं एखाद्या हुशार माणसाने कागदावर लिहून दिलं असतं तरी चाललं असतं. पुढचं कुणी लिहून देऊ शकत नाही.

उपासनेच्या शेवटाकडे प्रभूची प्रार्थना येते. त्या वेळी वर मनोऱ्यात एक घंटा वाजायला लागते, घरी अंथरुणाला खिळलेल्यांनाही कळावं आणि त्यांनाही तिथूनच म्हणता यावं म्हणून. जर्मनचं अक्षर न येणाऱ्यालाही त्या घंटेवरून कळतं की आता काय चाललंय. तुम्ही हळूच म्हणालात, तुमच्या भाषेत म्हणा. मग ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू झालं, आधी ओठांत, मग थोडं मोठ्याने. पण दोन भाषा एका चालीत चालत नाहीत. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथवर जेमतेम बरोबरी राहते, पुढे ऋणांच्या ओळीत मराठी मागे पडते. त्यांच्याकडे तिथे जो शब्द आहे त्याचा अर्थ अपराधही होतो आणि कर्जही, एका शब्दात काम होतं. आपल्याला ऋणी, ऋण, सोडले, सोड असा सगळा हिशेब मांडावा लागतो. सगळ्या चर्चचं ‘आमेन’ झालं तेव्हा आपलं ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ अजून यायचं होतं.

तुम्ही ‘आमेन’ म्हटलं नाहीत.

घंटा थांबली, लोक बसायला लागले, आणि तुम्ही हात जोडून, मान खाली घालून तशाच उभ्या राहिलात. मराठीचा एक शब्दही कळत नसताना. शेवटचं ‘सर्वकाळ तुझीच आहेत’ संपलं, आणि मग तुम्ही आमच्याबरोबर ‘आमेन’ म्हणालात. तो शब्द दोन्ही भाषांत एकच. मग खाली बसून, जणू काही झालंच नाही अशा थाटात, पुढचा क्रमांक शोधायला लागलात.

पुढच्या रविवारीही तसंच. त्यानंतरच्या रविवारी तुमच्या शेजारची रांग थांबली. हल्ली पाळकबाई स्वतः आशीर्वादाआधी एक श्वास जास्त घेतात. हे कुणी मंडळीच्या बैठकीत ठरवलेलं नाही, कुठल्या इतिवृत्तात लिहिलेलं नाही.

अशा गोष्टीला मराठीत नेमका शब्द नाही, किंवा आहे तो ‘माणुसकी’, आणि तो आपण पूरग्रस्तांना धान्य वाटण्यासाठी राखून ठेवलाय. चार सेकंद थांबण्याला कुणी माणुसकी म्हणत नाही. स्वागत समित्या असतात, गळ्यात बिल्ले असतात, ‘सर्वांचे स्वागत आहे’ असे फलक अनेक भाषांत असतात. ते वाईट नाहीत. पण पाहुण्याला जागा देणं वेगळं आणि त्याच्यासाठी आपला वेग कमी करणं वेगळं. आपल्याकडच्या मंडळ्यांतही हे तपासून बघण्यासारखं आहे. उसाच्या फडावरून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेलं, नीट वाचता न येणारं कुटुंब मागच्या बाकावर बसतं, तेव्हा त्याच्या हातात गीताचं पुस्तक उघडून कोण देतं? बिल्लेवाले की एखादी तुमच्यासारखी आजी?

आणखी एक गोष्ट तुम्ही केली नाहीत, तिचेही आभार. ‘तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?’ असं तुम्ही विचारलं नाहीत. भारतीय चेहरा बघून हा प्रश्न इथे भले लोक विचारतात, त्यात वाकडं काही नसतं. पण नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं, पाच-सहा पिढ्यांचा विश्वास आहे, हे दर वेळी कॉफीच्या कपावर समजावून सांगणं दमवतं. तुम्ही विचारलंत, ‘तुमच्याकडे हंगामाच्या उपासनेला कोणतं गीत म्हणतात?’ म्हणजे आमच्याकडे तशी उपासना असणारच, हे तुम्ही धरूनच चालला होतात.

तर तो हंगामाचा सण आता आलाच आहे. वेदीपुढे भोपळे, द्राक्षं आणि या काठाची सफरचंदं मांडली जातील. आमच्याकडे ज्वारीची कणसं ठेवतात आणि उपासनेनंतर भाजीपाल्याचा लिलाव होतो, साध्या दुधी भोपळ्यावर दोन काका हट्टाने बोली चढवत नेतात. हे ऐकून तुम्ही इतक्या हसलात की पुढच्या रांगेने वळून पाहिलं. लिलावाची कल्पना पाळकबाईंच्या कानावर घातली आहे; होकार नाही, पण नकारही आलेला नाही. आला होकार तर पहिली बोली तुमच्या बागेतल्या सफरचंदांवर लागेल, तेवढी पेटी आणायला विसरू नका.

रविवारी साडेनऊ, डावीकडची शेवटून दुसरी रांग. चष्मा आठवणीने घ्या. मागच्या वेळी 237 च्या जागी 273 उघडून दिलं होतंत, आणि आम्ही एक अख्खं कडवं तुमच्या भरवशावर चुकीच्या पानाकडे बघत गायलो.

तुमची,
शेजारच्या बाकावरची मराठी मंडळी