नातीच्या एनडीएच्या निर्णयाविषयी आई-बाबांना पत्र

विश्रामबाग, सांगली

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर माझ्यावर जे काम सोपवले, त्यातले अर्धेच मी केले आहे. दादाच्या लेकीशी मी निवांतपणे बोलले, तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. परंतु बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीएत) जाण्याचा विचार तिने सोडून द्यावा, असे मी तिला सांगितले नाही आणि यापुढेही सांगणार नाही. तुमच्या शब्दाबाहेर जाण्याची सवय आम्हा दोघा भावंडांना कधीच नव्हती, म्हणून त्यामागची कारणे फोनवर घाईघाईने न सांगता लिहून कळवत आहे.

फौज एका पिढीने पाहिली तेवढी पुरे, असे तुम्ही म्हणालात, आणि आईने मागून 'पोरीने कलेक्टर व्हावं, डॉक्टर व्हावं' एवढेच म्हटले. तुमच्या या बोलण्यामागे किती वर्षांचा अनुभव आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही या मुलीच्या मनात ही इच्छा आली कुठून, याचा विचार करताना मला पुन्हा पुन्हा आपलेच घर दिसते. सैनिकाच्या घरात वाढलेल्या मुलाला पुढे काय व्हावेसे वाटते आणि का वाटते, हे मी आधी स्वतःच्या बाबतीत पाहिले आणि आता वर्गात शिकवताना रोज पाहते, कारण खटाव, माण, खानापूर, तासगाव या भागांतून माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांचे वडील लष्करात, सीमा सुरक्षा दलात किंवा राखीव पोलीस दलात आहेत. लोकांना वाटते की अशा घरातल्या मुलांना वर्दीची ओढ जन्मतःच असते. ते खरे नाही. वर्दीची ओढ काहींना असते, काहींना तिची धास्ती असते, आणि पुष्कळ मुलांना फक्त एक अशी नोकरी हवी असते की जिच्यात संध्याकाळी घरी परतता येईल.

आम्हा दोघांना काय व्हावेसे वाटावे, हे खरे म्हणजे छावणीतल्या क्वार्टरने आणि केंद्रीय विद्यालयाच्या बाकाने ठरवले. सकाळी थ्री-टन गाडीतून शाळेत जाणारी आम्ही मुले कोणाची आहेत, हे गाडीत बसण्यापूर्वी सगळ्यांना माहीत असे: हा हवालदाराचा, ही नायब सुभेदाराची, आणि तो जिप्सीतून येणारा कंपनी कमांडर साहेबांचा. माणसाची पायरी खांद्यावर आणि बाहीवर स्पष्ट दिसते, असे जग मुलांना दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते. परंतु वर्गात गेल्यावर साहेबांचा मुलगा आणि दादा एकाच बाकावर बसत आणि गुणपत्रिका दोघांनाही एकाच रांगेतून मिळत असे. तुमच्याहून वयाने निम्म्या असलेल्या लेफ्टनंटला तुम्ही सॅल्यूट करताना दादाने पाहिले होते आणि त्याविषयी तुम्हाला विचारलेही होते. सॅल्यूट त्या पोराला नसतो, त्याला मिळालेल्या कमिशनला, म्हणजे अधिकारपदाला असतो, असे तुम्ही अत्यंत शांतपणे सांगितले होते. त्या उत्तरात कसलाही कमीपणा नव्हता, आणि म्हणूनच दादाच्या मनात कटुता न येता एक हिशेब तयार झाला, की ते कमिशन परीक्षेने मिळते आणि परीक्षा आपल्यालाही देता येते. शिपायापासून सुभेदारापर्यंतचा तुमचा प्रवास किती अवघड होता, हे आम्हाला पुढे समजले. पण वर चढायला शिडी असते आणि तिच्या पायऱ्या कष्टाने मोजता येतात, हा विश्वास आम्हाला लहानपणीच मिळाला. ज्या घरात वशिल्याशिवाय काही होत नाही हेच मुलांच्या कानावर पडते, तिथली मुले अभ्यासाला बसतानाच निम्मी हरलेली असतात, हे मी शिक्षक झाल्यावर पाहिले आहे.

माझ्या गणिताचे मूळही तुमच्या बदल्यांतच आहे, हे मी तुम्हाला आजवर सांगितलेले नाही. तुम्ही पीस पोस्टिंगला, म्हणजे कुटुंब बरोबर ठेवता येईल अशा ठिकाणी असताना झाशी आणि सिकंदराबादला आम्ही केंद्रीय विद्यालयात शिकलो, आणि तुम्ही फील्डमध्ये, म्हणजे सीमेकडे गेलात की ट्रंका बांधून गावी येऊन मराठी शाळेत बसलो. चौथीला गावातली मुले शिवछत्रपतींचा इतिहास शिकत होती, तो मला झाशीत मिळालाच नाही. पुढे इंग्रजीतून पाठ केलेले विज्ञान गावात आल्यावर पुन्हा मराठीतून समजून घ्यावे लागले. मैत्रिणी तर प्रत्येक वेळी नव्याने जोडाव्या लागल्या. गणित मात्र जिथे सोडले होते तिथेच माझी वाट पाहत असे. अपूर्णांकांची बेरीज झाशीत जशी होत होती तशीच आपल्या गावातही होत होती, आणि पहिल्या आठवड्यात फळ्यावरचे उदाहरण सोडवून दाखवले की नव्या वर्गात मला जागा मिळत असे. मी गणिताची प्राध्यापिका झाले ते हुशारीमुळे झाले असे लोक समजतात, परंतु त्या विषयाने मला आधी आसरा दिला आणि गोडी नंतर लागली. फौजी मुलांमध्ये कोणी धावण्यात, कोणी हॉकीत, कोणी चित्रकलेत असाच आसरा शोधतो, आणि बहुतेक वेळा तोच पुढे त्याचा मार्ग होतो.

आई, आता तुझ्याविषयी लिहिते, कारण लोक आमच्या यशाचे श्रेय बाबांच्या शिस्तीला देतात आणि तूही ते मान हलवून मान्य करतेस. मला मात्र २००१चा डिसेंबर आठवतो. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रम सुरू झाले, बाबांची मंजूर झालेली सुट्टी रद्द झाली आणि पलटण राजस्थानच्या सीमेवर जाऊन बसली. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात सैन्य मागे घेण्याचा निर्णय होईपर्यंत लढाई होणार की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी तेव्हा आठवीत आणि दादा दहावीत होता. ऊस तोडीला आला होता आणि कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन तोडीची तारीख मिळवणे, टोळीच्या मुकादमाशी बोलणे, बँकेत जाऊन पैसे काढणे, म्हैस विताना रात्र जागवणे हे सारे तू एकटीने केलेस. शेजारच्यांच्या फोनवर रविवारी बाबांचा फोन येत असे. त्या दोन-तीन मिनिटांत तू आधी आम्हाला बोलायला लावायचीस, आणि बाबा आधी मार्क विचारायचे व मग म्हशीची चौकशी करायचे. सात वाजता मराठी बातम्या लागल्या की सीमेवरचे रणगाडे दिसत. तू टीव्ही बंद करून आमच्यापुढे वह्या ठेवायचीस आणि स्वतः समोर बसून गहू निवडायचीस, आम्ही उठेपर्यंत उठायची नाहीस. त्या हिवाळ्यात तू किती घाबरलेली असशील, याचा अंदाज मला स्वतःला मुले झाल्यावर आला. भीती मनात असतानाही हातातले काम नीट करता येते, हे मी तुझ्याकडे पाहून शिकले, आणि परीक्षेच्या दालनात बसलेल्या विद्यार्थ्याला याहून जास्त उपयोगाचे काही असेल असे मला वाटत नाही.

या घडणीची दुसरी बाजू मी लपवणार नाही. सैनिकाची मुले हट्ट करायला लवकर विसरतात. वडील सुट्टीवर आलेले असताना त्यांचे दिवस खराब करू नयेत म्हणून शाळेतले दुःख सांगत नाहीत, आणि आपल्याला काय हवे हेही पुढे पुढे त्यांना स्वतःला कळेनासे होते. माझ्याकडे काही मुले अशी येतात की त्यांना विषय कोणता आवडतो असे विचारले तर ती आधी भरतीच्या अर्जाची तारीख विचारतात, कारण पेन्शन असलेली नोकरी हा एकच शब्दप्रयोग त्यांनी घरी ऐकलेला असतो. त्यांना मी नावे ठेवत नाही, परंतु त्यांच्यासाठी जीव तुटतो. दादाच्या लेकीचे तसे नाही, याची खात्री करून घेण्यासाठीच मी तिच्याशी इतका वेळ बोलले.

तिने छावणी पाहिलेली नाही. ती जन्मली तेव्हा तुम्ही सुभेदार म्हणून निवृत्त होऊन गावी आला होता. त्यामुळे तिला फौजेचे आकर्षण बँडचे, बंदुकीचे किंवा सिनेमाचे असेल, अशी मला शंका होती. मी तिला सरळ विचारले, तेव्हा ती म्हणाली, 'आत्या, आजोबांना रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी पलटणीतल्या कुणाच्या मुलीचं लग्न असलं, कुणाचं ऑपरेशन असलं, तर रात्री अकरालाही फोन येतो आणि आजोबा सकाळच्या एसटीने निघतात. माझ्या वर्गातल्या कुणाच्याच घरी अशी माणसं नाहीत. मला अशा माणसांत काम करायचंय.' बाबा, शौर्याच्या गोष्टी तुम्ही तिला कधी सांगितल्या नाहीत, आम्हालाही सांगितल्या नाहीत. तरीही मराठा लाइट इन्फन्ट्रीतली तुमची सगळी वर्षे तिने तुमच्या फोनवरच्या बोलण्यातून ओळखली. एवढ्या विचाराने धरलेली इच्छा मोडण्याचा अधिकार मला माझ्याकडे आहे असे वाटत नाही.

आईची भीती वेगळी आहे आणि ती खरी आहे. शेजारच्या अपशिंगे मिलिटरी या गावात आपण लग्नाकार्याला जातो, तेव्हा तिथला स्मृतिस्तंभ पाहतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात हुतात्मा झाले, तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस. ते साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी, आणि १९६१ साली सुरू झालेली ती शाळा देशातली पहिली सैनिकी शाळा, म्हणून तर बाबांना तिचा एवढा अभिमान. पण २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईचे लष्करी प्रशिक्षण पूर्ण करून स्वतः अधिकारी झाल्या, ती बातमी तूच मला फोन करून सांगितली होतीस आणि सांगताना तुझा आवाज ताठ होता. ते दोन्ही दिवस तू पाहिले आहेस. नातीने एकच दिवस पाहावा, असे तुला म्हणता येणार नाही.

शिवाय काळ बदलला आहे. मी २००६ साली बारावी झाले, तेव्हा मुलींना एनडीएची परीक्षाच देता येत नव्हती. माझे काही अपुरे राहिले म्हणून मी तिच्या बाजूने बोलते आहे, असा समज कृपया करून घेऊ नका. मला गणितच शिकवायचे होते आणि मी त्यात समाधानी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसण्याची मुभा दिली, त्याच वर्षी नोव्हेंबरात परीक्षा झाली, आणि ४०० जागांपैकी १९ जागा मुलींसाठी ठेवल्या गेल्या. त्या पहिल्या तुकडीतल्या १७ मुलींनी ३० मे २०२५ रोजी खडकवासल्यात दीक्षान्त संचलन केले. बाबा, ते संचलन तुम्ही टीव्हीसमोर उभे राहून पाहिलेत, असे वहिनीने मला सांगितले आहे.

जागा थोड्या आहेत, म्हणून चुरस फार मोठी आहे. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यातले ३०० गणिताचे. ती जबाबदारी माझी. त्यानंतर एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतींचे पाच दिवस, तेही ९०० गुणांचे. दादा लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊनही अलाहाबादच्या एसएसबीतून निवड न होता परतला, त्याचे वाईट तुम्हालाच जास्त वाटले होते. परंतु त्याने संरक्षण दलाच्या कोट्यातून कऱ्हाडला अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, आज तो जलसंपदा खात्यात मान खाली न घालता काम करतो, आणि आवर्तनाच्या दिवसांत रात्री-अपरात्री कालव्यावर उभा असतो तेव्हा मला तो तुमच्यासारखाच दिसतो. निवड झाली नाही तर लेकीचेही नुकसान होणार नाही, एवढी व्यवस्था आम्ही दोघे करू. अकरावीला तिने गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेच आहे. पहाटेचे धावणे तिने एकटीने करू नये, तुम्ही सायकल घेऊन बरोबर जावे, ही तिचीच विनंती आहे. ती तुम्हाला सांगायला लाजते.

एक काम मात्र मला करता येणार नाही, ते तुम्हालाच करावे लागेल. फील्डमधल्या वर्षांविषयी तुम्ही आम्हाला काहीच सांगितले नाही. तिथली थंडी, गस्तीवरून परत न आलेले तुमचे सोबती, आईची पत्रे न पोहोचण्याचे महिने, अधिकाऱ्याचा एक चुकीचा हुकूम खालच्या माणसांना काय भोगायला लावतो, हे सगळे तुमच्याजवळ आहे. आम्हाला ते न सांगून तुम्ही आमचे बालपण सांभाळलेत. पण ही मुलगी त्याच हुद्द्याकडे निघाली आहे, जिथून असे हुकूम दिले जातात. तिला ते सारे तुमच्या तोंडून ऐकू द्या. आईलाही जवळ बसवा, कारण त्यातला अर्धा भाग तिचा आहे. ऐकून झाल्यावर ती मागे फिरली तर मी तिला अडवणार नाही, आणि तरीही जायचेच म्हणाली तर तुम्ही दोघांनी तिला आशीर्वाद द्यावा, एवढे मागणे आहे.

पुढच्या रविवारी मी येते आहे. गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका बरोबर आणते. आईच्या गुडघ्याची औषधे माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्यातून मिळाली नसतील तर आधी कळवा, म्हणजे मी इथून घेऊन येईन.

तुमची लेक