मुग्धास, घर ठरवण्यापूर्वी

सातारा, १२ फेब्रुवारी

चि. सौ. मुग्धास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, तुला पाण्यापलीकडे काही दिसतच नाही," आणि आपले बोलणे तिथेच तुटले. फोनवर आपल्या दोघींचेही आवाज चढतात, म्हणून हे पत्र लिहिते आहे. तुम्ही घर घ्यावे असे मलाही मनापासून वाटते. तुझ्या एकटीच्या पगारावर बँकेने एवढे कर्ज मंजूर केले हे बाबांनी पेठेत भेटेल त्याला सांगितले आहे, आणि मीही ते पुन्हा पुन्हा ऐकत उभी राहिले आहे. परंतु पुनावळ्याला बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी पुनावळे, कोथरूड, तळेगाव आणि शिरवळ या चारही जागा एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढेच सांगायचे आहे. पाण्याविषयी शेवटी लिहीन, तेही थोडक्यात.

पुनावळ्याची सदनिका सतराव्या मजल्यावर, हवेशीर, आणि निनादरावांच्या ऑफिसपासून जवळ आहे, हे सारे मान्य. मात्र ती अजून उभी राहायची आहे. ताबा मिळेपर्यंत वाकडचे भाडे आणि बँकेने बिल्डरला दिलेल्या रकमेवरचे व्याज, असे दोन्ही तुम्हाला एकाच वेळी भरावे लागेल. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. ९० लाखांच्या घरावर तो साडेचार लाख रुपये होतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मिळालेल्या तयार घराला किंवा जुन्या घराला तो लागत नाही. बाबांनी कागदावर लिहून दिले आहे ते असे: करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, तेव्हा कोणी कितीही घाई केली तरी त्यापुढे जाऊ नकोस. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून ताब्याची तारीख आधी काय होती आणि आता काय आहे, ते पाहा. जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवून चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, किती हे विचार, कारण त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत.

आणि त्या इमारतीला पाणी कोठून येणार, हेही विचार. शेवटी लिहीन म्हटले होते, पण ते इथेच लिहिणे भाग आहे. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून दिले जाते आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून महापालिका ते दिवसाआड सोडते. घराच्या हिशेबात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. तुमच्या त्या संकुलात २०० घरे आणि घरटी चार माणसे धरली, तर दिवसाला १,०८,००० लिटर पाणी लागते. महापालिकेचे पाणी पुरले नाही आणि सगळेच विकत घ्यायची वेळ आली, तर १०,००० लिटरचे अकरा टँकर रोज फाटकातून आत यायला हवेत. त्यांचे पैसे देखभाल खर्चातून जातात, आणि त्या खर्चाला घराच्या हप्त्यासारखी वीस वर्षांची मुदत नसते. महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत स्वखर्चाने पाणी देऊ, असे हमीपत्र बिल्डरकडून घेतले जाते. ते पाहायला माग, आणि सोसायटी स्थापन झाल्यावर तो खर्च कोणी करायचा हे स्पष्ट विचारून घे. पलीकडे बाणेर-बालेवाडीत पाणी पुरत नाही म्हणून २०१६ साली उच्च न्यायालयाला नव्या बांधकामांची परवानगी रोखावी लागली होती. हा माझ्या एकटीच्या मनाचा खेळ नाही, बाळा.

गेल्या एप्रिलमध्ये तुमच्याकडे राहिले, तेव्हा बाथरूमच्या नळाच्या तोंडावर पांढरा, खरखरीत थर जमलेला होता. तो मी लिंबाच्या सालीने घासून काढला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दिसला. ओवीच्या पाठीवर पुरळ उठले होते. तू म्हणालीस उन्हाळ्यामुळे उठले, आणि तसेही असेल. परंतु रात्री अकराला टँकर आल्याचा निरोप मोबाइलवर वाचून तू झोपेतून उठून बादल्या लावल्यास, तेव्हा मी जागीच होते.

बाहत्तरच्या दुष्काळात मी पाचवीत होते. म्हसवडजवळच्या आमच्या वाडीतली विहीर तळाला गेली होती. आजी माझ्या कमरेला दोर बांधून मला खाली सोडत असे, कारण मोठ्या माणसाला त्या कपारीत वाकता येत नसे. झऱ्यात वाटीभर पाणी जमेपर्यंत थांबायचे, ते गढूळ न होऊ देता अलगद उचलायचे आणि कळशीत ओतायचे. एका कळशीला सकाळ जात असे. आई खडी फोडायच्या कामावर गेलेली असायची आणि आम्हाला शाळेत सुकडी मिळायची. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी सातारच्या स्थळाकडचे काहीही पाहिले नाही. परसातला नळ सोडून पाहिला आणि होकार दिला. हे तुला पाठ आहे, हे मला ठाऊक आहे. घराचा विषय निघाला की मला आधी तेच आठवते, त्याला माझा इलाज नाही.

कोथरूडची जागा तुला जुनाट वाटली. लिफ्ट नाही, तिसरा मजला, वाहन लावायला हक्काची जागा नाही, हे खरे आहे. माझे गुडघे पाहता मी तिथे वर्षातून एकदाच येईन. परंतु तिथे जे आहे ते सगळे आज डोळ्यांनी पाहता येते: भिंतीतली ओल, शेजारी, नळाला येणारे पाणी आणि त्याची वेळ. बाबांचे म्हणणे असे की, तिथे भाग-प्रमाणपत्राच्या (सोसायटीतल्या सभासदाच्या हिश्शाच्या दाखल्याच्या) आधी जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का, ते पाहावे. ते झालेले नसेल तर जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर असते, आणि उद्या पुनर्विकास करायचा म्हटला की तिथेच घोडे अडते. पुनर्विकासाला २०१९ पासून ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, पण तेवढी माणसे एका मताने बसली आहेत का, हे सचिवांशी अर्धा तास बोललीस तरी कळेल. इमारतीच्या वयामुळे बँक कर्जाची मुदत कमी देण्याची शक्यता आहे. ते आधीच विचारून ठेव.

तळेगावचे रो-हाऊस मला सर्वांत आवडले, हे लपवत नाही. पुढे तुळशीला जागा, स्वतःची गच्ची, पावसाचे पाणी साठवता येईल असे उतरते छप्पर. पण लोकलने रोज तुझे किती तास जातील, याचा विचार केला की माझाच उत्साह मावळतो. शिवाय घर स्वतंत्र दिसले तरी जमीन सगळ्यांची एकत्र असू शकते, म्हणून सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विलासमामा सुचवतो त्या शिरवळच्या गुंठ्यांचा विचार मनातूनही काढून टाका. दहा जणांची नावे एका सातबाऱ्यावर घालून विकलेली जमीन तुकडेबंदीच्या, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यावर बंधन घालणाऱ्या, कायद्यात अडकू शकते, आणि अशा जागेवर घर बांधायला बँकही सहसा पुढे येणार नाही. मामाचे मन चांगले आहे, त्याला मी समजावीन.

मी फार उपदेश केला. तू तुझ्या ऑफिसात पन्नास माणसांचे काम पाहतेस आणि मी तुला कागद कसे वाचायचे ते सांगते आहे. राग मानू नकोस. घर कोणतेही ठरो, ते तुझ्या एकटीच्या नावावर घ्यावे असे बाबा म्हणतात, कारण केवळ स्त्रीच्या नावावरच्या खरेदीला आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. निनादरावांना हे तू सांगशील तेव्हा सवलतीचे कारण आधी सांग, म्हणजे त्यांच्या मनात दुसरे काही येणार नाही.

माझ्या निवृत्तीच्या पैशांतली ठेव मार्चअखेर मोडते आहे. ती तुझी आहे आणि तिला कसलीही अट नाही. पुनावळ्याचेच ठरले तरी ती तुझीच राहील. फक्त तेथील शेजारची जी इमारत राहती झाली आहे, तिच्या फाटकावर मे महिन्यात एक संध्याकाळ उभी राहा आणि पहारेकऱ्याला दिवसाला किती टँकर येतात ते विचार. मे महिन्यापर्यंत बिल्डर थांबणार नाही असे तू म्हणशील. मग निदान त्या सोसायटीची गेल्या उन्हाळ्याची देखभालीची बिले एखाद्या रहिवाशाकडून मागून घे आणि त्यातली टँकरची रक्कम पाहा. शनिवारी बाबा सहाच्या एसटीने निघून तुमच्याकडे येत आहेत, त्यांना सोबत ने. ओवीसाठी त्यांच्याबरोबर कंदी पेढे आणि तुझ्यासाठी मेतकूट पाठवते आहे.

तुझी,
आई