पडेल सिनेमांचं वकीलपत्र

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिल्या,

सकाळी तुझा मेसेज वाचला. "पडेल सिनेमांचं वकीलपत्र घेतलंयस का रे?" एवढंच, आणि खाली दात काढणारं पिवळं तोंड. याचं उत्तर फोनवर अंगठ्याने देण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतलाय. अक्षर लागलं नाही तर वहिनींना दाखव, त्यांना वह्या तपासायची सवय आहे.

मी तुला फक्त ‘परख’ बघ म्हणालो होतो. त्यावर तू म्हणालास, बिमल रॉय म्हणजे ‘दो बिघा जमीन’, ‘मधुमती’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’, बाकीचं सोड. आता गंमत ऐक. तू सोडून दिलेल्या या १९६० सालच्या सिनेमासाठी बिमलदांना फिल्मफेअरचं दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं होतं. ‘मधुमती’ आणि ‘सुजाता’च्या पाठोपाठ, सलग तिसरं. म्हणजे हा पडेल नव्हेच. लोक त्याला विसरलेत, आणि तेही अर्धवट. ‘ओ सजना, बरखा बहार आई’ कुणालाही विचार, पहिल्या ओळीला मान डोलवतील. सिनेमा कुठला म्हटलं की डोकं खाजवतील. वाडा पडला आणि तुळशीवृंदावन तेवढं राहिलं, तसं झालंय.

गोष्ट सलील चौधरींची. हो, संगीत देणाऱ्या सलीलदांनीच ती लिहिलीय. एका खेड्यातल्या पोस्टमास्तराच्या हातात ५ लाखांचा चेक पडतो. गावाचं भलं करील अशा माणसाला तो द्यायचा, आणि तो माणूस गावाने मतं देऊन निवडायचा. मग काय, जमीनदार, पुजारी, डॉक्टर सगळ्यांना एका रात्रीत लोकसेवेचा उमाळा येतो. कालपर्यंत रोग्याच्या खिशाकडे बघणारा डॉक्टर अचानक फुकट तपासायला लागतो. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती आणि बिमलदांनी हे हसत हसत पडद्यावर मांडलं. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत उमेदवार हात जोडत फिरत होते, तेव्हा मला एकेकाच्या जागी ‘परख’मधली तोंडं दिसत होती. आणि पोस्टमन झालेला मोतीलाल! तो अभिनय करतोय असं वाटतच नाही. चुकून चौकटीत आलाय आणि आलोच आहे तर थांबतो, असा वावरतो. त्याचा एक पत्ता शेवटी उघडतो, तो सांगत नाही.

दोष सांगू? शाळामास्तर. माणूस इतका सज्जन की त्याच्याबरोबर चहा प्यायचीही भीती वाटावी. शेवटही फार सोपा आहे. पण हे दोष मी तुला आपणहून सांगतोय, हे लक्षात घे. वकील असं करतो का?

बिमलदांचे संकलक हृषीकेश मुखर्जी. त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा ‘मुसाफिर’, १९५७चा. लिहायला ऋत्विक घटकही होते. हृषीदा आणि घटक एका टेबलावर, ही जोडी कुणी थापेत सांगितली असती तरी मी विश्वास ठेवला नसता. एक भाड्याचं घर आणि एकामागून एक येणारे तीन भाडेकरू. एकात लग्न, एकात जन्म, एकात मरण. पहिला भाग मला फिका वाटला, सुचित्रा सेन असूनही. दुसऱ्यात किशोर कुमार आहे, म्हणजे वेळ बरा जातो. तिसऱ्यात दिलीप कुमार आणि आपली उषा किरण. दिलीप कुमार इथे लताबाईंबरोबर स्वतः गायलाय, ‘लागी नाही छूटे’. आधी हसू येतं, मग येईनासं होतं. मरणाच्या दारात उभा राहून दुसऱ्याला हसवणारा माणूसही इथेच आहे. ‘आनंद’चं बी हृषीदांनी पहिल्याच सिनेमात पेरून ठेवलं होतं, उगवायला चौदा वर्षं लागली. त्या भागाच्या शेवटी अश्रूंचा जो पूर येतो त्यात मात्र मी बुडालो नाही. ओशाळलो.

मग आवडलं काय? घर. एक कुटुंब जातं, घरमालक डेव्हिड पुन्हा ‘भाड्याने देणे’ची पाटी लावतो आणि त्या रिकाम्या खोल्या काही क्षण तशाच राहतात. तुझं घर एकच, आजोबांपासूनचं. माझ्या बँकेच्या बदल्यांत नऊ घरं झाली. ट्रकमध्ये शेवटचं कपाट चढलं की मी एकदा आत जाऊन यायचो. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा असायचा आणि त्याभोवती कमी मळलेला चौकोन. त्या चौकोनावरचा सिनेमा मला दुसरा माहीत नाही. तुला तो कंटाळवाणा वाटेल. वाटू दे.

आता सत्यजित राय. इथे तू मला हरवणार असं तुला वाटत असणार, कारण ‘पथेर पांचाली’समोर मी तरी काय उभं करणार? उभं काही करतच नाही. मला ‘सद्गती’बद्दल बोलायचंय. रायनी दूरदर्शनसाठी १९८१ साली केलेली, हिंदीतली, तासाभराचीही नसलेली फिल्म. प्रेमचंदांची कथा तू वाचलीयस. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला दुखी चांभार पंडिताच्या दारी जातो, पंडित त्याला कामाला लावतो, आणि लाकडाचा ओंडका फोडता फोडता तो मरतो. ओम पुरी दुखी, स्मिता पाटील त्याची बायको झुरिया. पंडिताचं नाव कथेतच घासीराम आहे आणि ती भूमिका केलीय मोहन आगाशेंनी! ‘घाशीराम कोतवाल’मधल्या आपल्या नाना फडणविसांनी. रायनी हे मुद्दाम केलं असेल की नसेल, मी मात्र खुर्चीत सावरून बसलो.

आगाशेंचा पंडित दुष्ट नाही. डोळे वटारत नाही, ओरडत नाही. जेवतो, पोटावर हात फिरवतो, वामकुक्षी घेतो. दारातला माणूस मेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर पाप केल्याचा भाव येत नाही. अडचण झाली, एवढाच येतो. मढं उचलायला वस्तीतून कुणी येत नाही आणि स्वतः शिवायचं तर नाही. मग तो प्रेताच्या पायात दोरीचा फास अडकवतो आणि ओढत नेतो. कॅमेरा आपल्याला दुसरीकडे बघायला सवड देत नाही. परत येऊन जागेवर पाणी शिंपडतो. ओंडक्यात कुऱ्हाड रुतलेलीच राहते.

या फिल्मवर आपल्यात कुणी फारसं बोलत नाही. टीव्हीसाठी केलेली, छोटी, अशी कारणं लोक देतात. मला दुसरं कारण वाटतं. ‘पथेर पांचाली’ संपल्यावर ‘वा!’ म्हणता येतं. इथे वा म्हणायला तोंड उघडत नाही.

आमच्या परसदारी कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा, तो आठवतो तुला? लाकडं फोडायला येणाऱ्या माणसाचा. आपण तिसरीत असू. खेळून आलास, तहान लागलेली, सरळ तोच उचललास आणि पाणी प्यायलास. आजीने तुला विहिरीवर उभं करून डोक्यावरून घागर ओतली होती. आपण दोघं किती हसलो होतो. परवा ‘सद्गती’त पंडित पाणी शिंपडायला लागला आणि मी फिल्म थांबवली. उठून स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यायलो, मग उरलेली पाहिली. तो लाकडं फोडणारा माणूस दिसायचा कसा, हे मला आठवत नाही. कप आठवतो.

जाऊ दे. आता तुला खूश करतो.

‘कोंडुरा’बद्दल तू बरोबर होतास. चिं. त्र्यं. खानोलकरांची ही कादंबरी तूच मला दिली होतीस, मागच्या पानावर तुझ्या हिशेबासकट. श्याम बेनेगलनी १९७८ साली त्यावर सिनेमा केला, हिंदीत आणि तेलुगूत. खानोलकर १९७६ सालीच गेले होते, त्यांनी तो पाहिला नाही. तू म्हणायचास की त्यात ‘तो’ कोंडुरा नाही, आणि मी न बघताच वीस वर्षं तुझ्याशी भांडलो. अनंत नाग, स्मिता, अमरीश पुरी, कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी, पटकथेत गिरीश कर्नाड, एवढी माणसं असताना फसेल कसा, हा माझा मुद्दा. यंदा पाहिला. फसलाय. कथा कोकणातून आंध्रात नेली म्हणून नव्हे, भीती कुठेही नेता येते. पण खानोलकरांच्या भीतीला कारण नसतं. वेंगुर्ल्याजवळच्या त्या किनाऱ्यावर तू आणि मी संध्याकाळी उभे होतो, लाट खडकाच्या कपारीत शिरून गुरगुरत होती आणि आपण उगाचच आवाज खाली आणून बोलत होतो. तसली ती भीती. बेनेगलांना तेव्हा प्रत्येक भीतीमागे एक जमीनदार सापडायचा. इथेही सापडला आणि समुद्र गप्प झाला. अनंत नागचा चेहरा मात्र सुंदर आहे. देव आपल्याशीच बोलला असं ज्याला मनापासून वाटतं, त्या माणसाचं खुळावलेपण त्याने नेमकं पकडलंय.

पण ऐक, याच बेनेगलांना सात वर्षांनी भूत सापडलं. ‘त्रिकाल’, १९८५. मुक्तीच्या तोंडावरचा १९६१चा गोवा, एक जुनं ख्रिस्ती घराणं, लोटलीतलं व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं घर आणि कॅमेरामन अशोक मेहतांनी मेणबत्त्यांच्या उजेडात पकडलेले चेहरे. लीला नायडू नवऱ्याच्या आत्म्याला बोलावत बसते, आणि नवरा येतच नाही. येतो तो घराण्याच्या जुन्या पापाचा बळी, एक राणे. का आला, कसा आला, कुणी समजावत बसत नाही. शेजारी येऊन टेकावा तसा येतो. याला दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि तरी बेनेगल गेले तेव्हा ज्याच्या-त्याच्या तोंडी ‘अंकुर’ आणि ‘मंथन’. पात्रं फार आहेत, कोण कुणाची मावशी हे मला अर्ध्या तासाने कळलं, हे कबूल. तरी आधी ‘कोंडुरा’ आणि मग ‘त्रिकाल’ असे ओळीने बघ. शक्य तर पावसात बघ.

तुझ्या मूळ आरोपाकडे येतो. तुला पडलेल्यांची दया येते, असं तू मागेही म्हणाला होतास. थोडी येते, खोटं कशाला बोलू? गरिबाच्या पोराला मास्तर दोन मार्क जास्त देतात तसे मीही दिले असतील. पण त्याहून वेगळं काहीतरी आहे. ‘पथेर पांचाली’ पाहायच्या आधी ती मला सांगून झाली होती. तू सांगितली होतीस, फिल्म सोसायटीच्या सरांनी सांगितली होती. कुठे आगगाडी येते, कुठे तारशहनाईच्या आवाजात बाईचा आक्रोश मिसळतो. मी त्या-त्या ठिकाणी बरोबर रडलो. ते रडणं माझं होतं की सरांचं, आजही सांगता येत नाही. ‘मुसाफिर’मधल्या रिकाम्या खोलीशी थांब म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ‘कोंडुरा’ आवडावा म्हणून मी वीस वर्षं तयारी केली होती, तरी आवडला नाही.

एक शेवटचं, आणि यात तूही आरोपी आहेस. कॉलेजात असताना आपण ‘एक होता विदूषक’ला गेलो होतो. पोस्टरवर लक्ष्या, लेखन पु.लं.चं. आपण हसायच्या तयारीने, खिशात शेंगदाणे घेऊन. दिग्दर्शक जब्बार पटेल आहेत, हे तिकीट काढताना आपल्या गावीही नव्हतं. पहिली वीस मिनिटं आपण लक्ष्या कधी एकदा पडतो, आपटतो याची वाट बघितली. तो काही आपटेना. मध्यंतरात तू म्हणालास, "चल, मिसळ खाऊ," आणि आपण बाहेर पडलो ते परत गेलोच नाही. आपल्यासारखे आणखी किती निघून गेले असतील कोण जाणे. पुढे त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, ते आपण पेपरात वाचलं आणि दुसऱ्या कशावर तरी बोलायला लागलो.

गेल्या शनिवारी तो पुन्हा लावला. मधू कांबीकरांचा फड, महानोरांचे शब्द, आनंद मोडकांची चाल, आणि रंग फासलेला लक्ष्मीकांत बेर्डे. लोकांना हसवून झाल्यावर त्याचा चेहरा उतरत जातो, ते त्याने इतकं हळू केलंय की विशीतल्या आपल्याला दिसणं शक्यच नव्हतं. हा माणूस हे करू शकत होता, आणि आपण शेंगदाण्याची टरफलं झटकत उठलो. तो जाऊनही वीसहून जास्त वर्षं झाली.

मध्यंतराशी मी फिल्म थांबवली. पुढचा भाग अजून पाहिलेला नाही. एकट्याने बघायचा धीर होईना, आणि निघालो होतो दोघं, तर परत आत शिरायचं तेही दोघांनीच, असं मनाशी ठरवलंय. दिवाळीत येतोयस ना? मुलांना फराळाला बसवू आणि वरच्या खोलीत लावू. शेंगदाणे मी आणतो. मिसळ नंतर.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बंड्या

ता.क. कादंबरीच्या मागच्या पानावरचा तुझा हिशेब आज पुन्हा बघितला. त्यात माझ्याकडून ४० रुपये येणं लिहिलंय. ते मी दिले होते.